साडेचार किलोचा उपग्रह समुद्रात काय बघतो?

४ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या व्हँडेनबर्ग तळावरून फाल्कन-९ रॉकेट सुटलं. वडापच्या जीपमध्ये माणसं कोंबावीत तसे त्यात पन्नासहून जास्त उपग्रह भरले होते. त्यांतला एक पोर्तुगालचा, नाव एरॉस एमएच-१, वजन साडेचार किलो. बेळगावी बासमतीच्या पाच किलोच्या पिशवीपेक्षाही हलका. त्याला नेमून दिलेलं काम मात्र अटलांटिक महासागरावर नजर ठेवण्याचं. पोर्तुगालचा याआधीचा उपग्रह पोसॅट-१ हा १९९३ साली गेला होता, म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली.

गोव्यामुळे पोर्तुगाल हे नाव बेळगाव-खानापूरकडे कुणाला नवं नाही. तो देश केवढा आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या बेळगाव जिल्ह्याच्या दुपटीहून किंचित जास्त. जमीन ९२ हजार चौरस किलोमीटर. पण अझोरेस आणि मदेरा या बेटांमुळे त्याच्या वाट्याला आलेला समुद्र सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर आहे, जमिनीच्या अठरापट. एवढ्या पाण्याची राखण बोटी फिरवून करायची तर डिझेलच परवडायचं नाही. छोटे देश छोटे उपग्रह का सोडतात, याचं अर्धं उत्तर या हिशोबात आहे.

नॅनो म्हणजे नेमकं किती लहान?

नॅनो उपग्रह हे नाव वजनावरून पडलंय. १ ते १० किलोंमधला उपग्रह तो नॅनो. त्यांतले बहुतेक ‘क्यूबसॅट’ या ठरावीक मापाचे असतात. हे माप १९९९ साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी ठरवलं. दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा म्हणजे एक ‘यू’. आकारमान बरोबर एक लिटर, दुधाच्या मापाएवढं. एरॉस तीन यू आहे. शाळेतली फूटपट्टी उभी धरली तर तिच्याहून दोन बोटं उंच, इतकाच.

मापाचा एवढा आग्रह कशाला? सोड्याच्या बाटल्या एका मापाच्या असल्या की कुठल्याही क्रेटमध्ये बसतात, तसंच हे आहे. उपग्रह एका स्प्रिंगच्या पेटीत बसवतात, वर पोचल्यावर पेटीचं दार उघडतं आणि स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते. माप जुळलं की रॉकेट कुणाचंही चालतं. चारी कडांच्या पट्ट्या ॲल्युमिनियम ६०६१ किंवा ७०७५ च्या असतात आणि त्यांवर हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे टणक ऑक्साइडचा थर, करावंच लागतं. उद्यमबागेत किंवा हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये काम करणाऱ्याला त्याचं कारण सांगावं लागणार नाही. उघडं ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवर घासलं की ओढ धरतं, आणि निर्वात जागेत धातूला धातू चिकटूनच बसण्याची भीती असते. पेटीत अडकलेला उपग्रह सोडवायला वर कोण जाणार?

वरून रंग बघून काय कळतं?

उन्हाळ्यात गावच्या तळ्याचं पाणी हिरवं झालं की शेवाळ धरलं, हे न तपासताही कळतं. समुद्राचंही तसंच, फक्त तिथलं शेवाळ डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं. त्याला वनस्पतिप्लवक म्हणतात. त्याच्यातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं आणि हिरवा परत पाठवतं. त्यामुळे निळा आणि हिरवा यांचं गुणोत्तर काढलं की पाण्यात प्लवक किती, याचा अंदाज येतो. प्लवक जिथे, तिथे ते खाणारे बारके जीव, आणि त्यांच्या मागे तारली, बांगडे.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याच जोरावर मच्छीमारांना ‘संभाव्य मासेमारी क्षेत्र’ कळवते. हरितद्रव्याचा नकाशा आणि पाण्याच्या तापमानाचा नकाशा एकमेकांवर ठेवतात. थंड आणि उबदार पाणी जिथे भिडतं आणि तिथेच हिरवेपणाही असतो, ती जागा मासळीची. कॅम्पातल्या बाजारात रविवारी बांगडा स्वस्त आहे की महाग, याला बर्फ, डिझेल, घाटातली वाहतूक अशी दहा कारणं असतात. हा नकाशा त्यांतलं एक कारण. ग्राहकाला मात्र तो कधी दिसत नाही.

हिरवा रंग नेहमी चांगलाच असतो, असंही नाही. हिवाळ्याच्या अखेरीस उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवाची हिरवी चादर पसरते. २०१९ साली नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर विषारी शैवालाच्या उद्रेकात जाळ्यांत पाळलेले सुमारे ८० लाख सॅल्मन मासे मेले. पाळलेला मासा जाळ्यातून पळू शकत नाही. दोन दिवस आधी इशारा मिळाला तर जाळी ओढून दुसरीकडे नेता येतात. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये हिप्सो-१ हा सहा यूचा उपग्रह सोडला, तो शैवालासारख्या गोष्टींवर लक्ष ठेवायलाच.

चांगलं शैवाल आणि विषारी शैवाल वेगळं ओळखायचं तर तीन रंग पुरत नाहीत. मोबाईलचा कॅमेरा तांबडा, हिरवा, निळा एवढेच मोजतो. एरॉस आणि हिप्सोवरचे कॅमेरे ‘हायपरस्पेक्ट्रल’ आहेत, म्हणजे इंद्रधनुष्याच्या कितीतरी अरुंद पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टीतला प्रकाश वेगळा मोजणारे. कुंदा करणारा आचारी खव्याच्या रंगातल्या चार छटा ओळखतो आणि आपल्याला सगळंच तपकिरी दिसतं, तेवढा हा फरक आहे.

कॅमेरा तर खिशातसुद्धा असतो, मग अवघड काय?

पहिली अडचण अंधाराची. समुद्र वरून जवळपास काळा दिसतो. कॅमेऱ्यात शिरणाऱ्या प्रकाशातला नव्वद टक्क्यांपर्यंत भाग मधल्या हवेने विखुरलेला असतो, पाण्यातून वर आलेला उरलेला थोडासा. दुकानाच्या काचेतून आतला माल बघताना काचेवर रस्त्याचंच प्रतिबिंब दिसतं, तसं. हवेचा वाटा गणिताने वजा करावा लागतो. एकूण प्रकाश मोजताना एक टक्का चूक झाली, तर पाण्याच्या आकड्यात ती दहा टक्के होऊन बसते.

दुसरी अडचण वेगाची. ५१० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. पृथ्वीभोवतीची एक फेरी ९५ मिनिटांची, दिवसाला पंधरा फेऱ्या. त्याच्या खालची जमीन सेकंदाला सात किलोमीटरने सरकते. बेळगाव ते पणजी हे हवाई अंतर तो बारा सेकंदांत ओलांडतो. चोर्ला घाटातल्या प्रवाशांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. पन्नास मीटरचा एक ठिपका टिपायचा तर कॅमेऱ्याच्या हातात एका सेकंदाचा दीडशेवा हिस्सा येतो, आणि तेवढ्यात मिळालेला प्रकाश शंभर पट्ट्यांत वाटायचा असतो. एक हंडा पाणी शंभर घरांना वाटलं की प्रत्येकाला चूळ भरण्यापुरतंच मिळणार. म्हणून अभियंते शेजारचे ठिपके एकत्र करतात, म्हणजे बारकावा सोडून उजेड मिळवतात. दुसरा उपाय म्हणजे पुढे धावताना उपग्रहाची मान मागे वळवत ठेवायची आणि एकाच जागेकडे जास्त वेळ बघायचं.

मान वळवायची तर नेमकी वळायला हवी. एक अंश चूक झाली तर ५१० किलोमीटर खाली निशाण नऊ किलोमीटरने हुकतं. नेम बेळगावच्या किल्ल्यावर धरला आणि फोटो जवळपास सांब्र्याचा आला, अशी गत. उपग्रहाला वळवायला आत लहान फिरकीची चाकं असतात. चाक एका बाजूला फिरलं की उपग्रह उलट बाजूला वळतो. चाकांचा वेग फार वाढला की तो उतरवायला विजेच्या वेटोळ्यांची चुंबकं असतात, ती पृथ्वीच्या चुंबकत्वाचा टेकू घेतात. आणि आपण नेमकं कुठे बघतोय, हे कळायला ताऱ्यांचा फोटो काढून नकाशाशी ताडणारा वेगळा छोटा कॅमेरा असतो.

आणि वीज? दहा बाय तीस सेंटिमीटरच्या एका बाजूवर ऊन सरळ पडलं तर सौरपट्टीतून बारा वॅट निघतात. पण ऊन नेहमी सरळ पडत नाही आणि प्रत्येक फेरीत साधारण पस्तीस मिनिटं पृथ्वीच्या सावलीत जातात. सरासरी एका एलईडी बल्बापुरती वीज हातात राहते. सिंगल फेजवर गिरणी आणि मोटर एकदम लावत नाहीत, तसंच इथे कॅमेरा आणि मोठा रेडिओ आळीपाळीने चालवायचे.

दहा मिनिटांचं पाणी

माझ्या मते नॅनो उपग्रहाची सगळ्यात मोठी अडचण फोटो खाली आणण्याची आहे आणि बातम्यांत तिचा उल्लेखही नसतो.

उपग्रह एखाद्या जमिनीवरच्या केंद्रावरून जातो तेव्हा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जास्तीत जास्त दहा-बारा मिनिटं दिसतो. असे फेरे दिवसात चार-पाच. बेळगावच्या गल्लीत राहणाऱ्याला हे लगेच कळेल. नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं, थोडा वेळ येतं, आणि पाइप बारीक असेल तर हंडा भरेपर्यंत पाणी जातंही.

आता हिशोब बघा. हजार बाय हजार ठिपक्यांचा फोटो, शंभर पट्ट्या, प्रत्येक आकडा १२ बिटांचा. झाले १२० कोटी बिट, म्हणजे १५० मेगाबाइट. विद्यार्थ्यांच्या उपग्रहांवर असतो तो साधा यूएचएफ रेडिओ सेकंदाला ९,६०० बिट पाठवतो. दहा मिनिटांत पाऊण मेगाबाइटही होत नाही. हा एक फोटो उतरवायला २०८ फेरे लागतील, दिवसाला पाच धरले तर सहा आठवडे. तोवर शैवाल येऊन, मासे मारून, निघूनही गेलेलं असेल. एस-बँडचा रेडिओ घेतला आणि सेकंदाला दहा लाख बिट मिळाले, तर तोच फोटो दोन फेऱ्यांत येतो. पाइप जाड झाला. पण तो रेडिओ वीज जास्त खातो आणि जमिनीवर मोठी, उपग्रहामागे फिरणारी तबकडी मागतो.

म्हणून केंद्राची जागा मोलाची. पोर्तुगालकडे अझोरेसमधलं सांता मारिया बेट आहे, अटलांटिकच्या मधोमध. तिथल्या तबकडीला चारी बाजूंनी मोकळं क्षितिज मिळतं. दुसरा उपाय वरच काटछाट करण्याचा. ढगांनी झाकलेला भाग टाकून द्यायचा, गरजेच्या पंधरा-वीस पट्ट्याच ठेवायच्या, उरलेलं दाबून लहान करायचं. त्याहून पुढचा उपाय म्हणजे उपग्रहावरच्या संगणकानेच ‘इथे शैवाल आहे’ एवढं ठरवायचं आणि ठिकाण खाली कळवायचं. म्हणजे हंडाभर पाण्याऐवजी तांब्याभर, पण गाळून. यात जोखीम आहे. वरच्या संगणकाने चुकून काही फेकलं तर ते परत मिळत नाही.

डोळ्यांऐवजी कान

समुद्रावर लक्ष ठेवायला दरवेळी कॅमेराच लागतो असं नाही. मोठी जहाजं आपलं नाव, जागा आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतात. ही यंत्रणा जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून बसवलेली, किनाऱ्यावर तिचा आवाज शंभर किलोमीटरच्या आतूनच पोचतो. वरून ऐकलं तर हजारो किलोमीटरचा टापू ऐकू येतो. नॉर्वेने हेच केलं. त्यांचा एआयएसएसॅट-१ हा सहा किलोचा उपग्रह १२ जुलै २०१० रोजी आपल्याच श्रीहरिकोट्यावरून पीएसएलव्ही-सी१५ ने वर नेला. त्याच रॉकेटमध्ये कर्नाटक आणि आंध्रच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी बांधलेला, एक किलोच्या आतला स्टडसॅटही होता. हे आपल्याकडे फार कमी जणांना आठवतं.

एरॉसवरही असा कान आहे, पण तो माशांसाठी. मोठ्या समुद्री प्राण्यांच्या पाठीवर बसवलेल्या खुणेच्या यंत्रांचे संदेश तो झेलू शकतो. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत, त्यामुळे प्राणी श्वासाला किंवा उन्हाला वर आला तेवढ्याच क्षणात संदेश जायला हवा. कोकणातल्या कासवांमुळे हा प्रकार मराठी वाचकांना ओळखीचा आहे. २०२२ मध्ये वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, आणि पुढच्या वर्षी गुहागरहून निघून थेट श्रीलंकेला वळसा घालणारी बागेश्री. त्यांचा माग याच पद्धतीच्या यंत्रांनी काढला.

बिघडतं काय आणि का?

पुष्कळ पहिलटकर उपग्रह वर गेल्यावर एकदाही बोलत नाहीत. कारणं बहुतेक वेळा साधीच असतात.

अँटेना हे पहिलं. पेटीत मावावी म्हणून ती स्टीलच्या मोजपट्टीसारखी गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात. बाहेर पडल्यावर अर्धा तास काहीही उघडायचं नाही आणि पाऊण तास रेडिओ लावायचा नाही, असा नियम आहे. शेजारचे उपग्रह जवळच असतात. मग एक बारीक तार तापवून दोरा जाळतात. बॅटरी थंड असली, तार दोऱ्याला नीट टेकलेली नसली, की दोरा जळत नाही, अँटेना उघडत नाही आणि उपग्रह मुका राहतो. म्हणून शहाणे लोक दोन तारा बसवतात आणि जळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्राम लिहितात.

बॅटरी हे दुसरं. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होते, म्हणून तिला छोटा हीटर लागतो, आणि तो हीटर त्याच बॅटरीवर चालतो. उलट बाजूला प्रोसेसर तापतो, कारण वर हवा नाही, पंखा लावून उपयोग नाही. उष्णता धातूतूनच बाहेर काढावी लागते. स्क्रू रॉकेटच्या थरथरीने ढिले होतात, त्यांना चिकटद्रव्य लावावं लागतं. आणि अवकाशातला एखादा वेगवान कण स्मृतीतला एक बिट उलटवून संगणक गोठवतो. त्यावर उपाय राखणदाराचा. संगणकाने दर काही सेकंदांनी ‘जागा आहे’ असं कळवलं नाही, तर एक वेगळं सर्किट वीज तोडून पुन्हा जोडतं. घरचा वायफाय अडकला की आपण हेच करतो.

इस्रोचा मोठा उपग्रह असताना हे खेळणं कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. इस्रोचा ईओएस-०६, म्हणजे ओशनसॅट मालिकेतला तिसरा, १,११७ किलोंचा आहे. तो २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेला. त्याचा रंग मोजणारा कॅमेरा १,४०० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका झटक्यात बघतो, तेरा रंगपट्ट्यांत. नॅनो उपग्रहाचा पट्टा शंभर किलोमीटरच्याही आतला. रोज सगळा अरबी समुद्र बघणं नॅनोला जमणार नाही, आणि जमेल असं कुणी सांगत असेल तर तो माल विकतोय असं समजा.

पण मोठ्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यातला एक ठिपका ३६० मीटरचा असतो. खाडीचं तोंड, बंदर, मत्स्यपालनाची जाळी त्यात दोन-चार ठिपक्यांत संपतात. एसटीची मोठी गाडी आणि गल्लीत शिरणारी रिक्षा यांत आपण भांडण लावत नाही. शिवाय लहानाला मोठ्याची गरजही असते. स्वस्त कॅमेऱ्याची मापं काही महिन्यांत सरकतात. तेव्हा दोघांनी एकाच दिवशी एकाच पाण्याचा फोटो घ्यायचा आणि लहानाचा काटा मोठ्याशी जुळवायचा. मोठ्याचा काटा जुळवायला समुद्रातच मोजमापाच्या जागा ठेवलेल्या असतात. आपल्याकडे लक्षद्वीपमधल्या कवरत्तीजवळ अशी जागा आहे.

पावसाळ्यात ढगांचं काय?

काही नाही. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर रंग बघणारा कॅमेरा जवळपास आंधळा असतो, लहान असो वा मोठा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असल्याने मच्छीमारांचं तेवढं अडत नाही. पण नेमक्या त्याच काळात वाऱ्याने वरचं पाणी लोटलं जातं, खालचं गार आणि सकस पाणी वर येतं, आणि ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

ढगांतून बघायला रडार लागतं, आणि रडार चालवण्याएवढी वीज नॅनोकडे नसते. इथे एक नामी युक्ती आहे. जीपीएसचे संदेश समुद्रावर आपटून परत वर जातातच. ते फुकटचे परतलेले संदेश ऐकायचे. पाणी शांत असेल तर प्रतिध्वनी स्वच्छ येतो, वाऱ्याने खवळलं असेल तर विस्कटतो. त्यावरून समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग काढता येतो. नासाच्या २०१६ सालच्या सिग्नस मोहिमेत आठ छोटे उपग्रह हेच करण्यासाठी सोडले. आता तीन यूचे उपग्रहही ते करतात.

बेळगावला याच्याशी कर्तव्य आहे. अरबी समुद्र इथून हवाई मार्गाने शंभर किलोमीटरच्या आत आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती त्या समुद्रावरून आलेल्या वाऱ्याच्या पाण्यावर. समुद्रावर वारा किती आहे, हे अंदाज करणाऱ्या संगणकाला जितकं नीट कळेल, तितका खानापूरच्या पावसाचा अंदाज सुधारतो. एका नॅनो उपग्रहाने यात जाणवण्याइतका फरक पडत नाही. पन्नासांनी पडतो.

वर कचरा होत नाही का?

होतो, उंची चुकली तर. पाचशे किलोमीटरच्या आसपास विरळ का होईना हवा असते आणि ती उपग्रहाला मागे ओढत राहते. काही वर्षांत तो खाली येतो आणि जळून जातो. आठशे किलोमीटरवर सोडला तर शंभर वर्षंही फिरत राहू शकतो. अमेरिकेने २०२२ मध्ये नियम केलाय की काम संपल्यावर पाच वर्षांत उतरायला हवं.

राजहंसगडावरून ऐकता येईल

अनेक विद्यार्थी उपग्रह ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या, हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात आपली तब्येत अधूनमधून कळवत असतात. ते ऐकायला यूएसबीवर चालणारा स्वस्त रेडिओ, लॅपटॉप आणि घरी केलेली अँटेना पुरते. पीव्हीसीचा पाइप आणि स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे घ्यायचे. ४३७ मेगाहर्ट्झला मधला तुकडा साधारण ३३ सेंटिमीटर, मागचा त्याहून थोडा लांब, पुढचे थोडे आखूड. जीप्रेडिक्ट या मोफत प्रोग्राममध्ये बेळगावचे अक्षांश-रेखांश आणि ७५० मीटर उंची भरली की उपग्रह कधी, कुठून उगवणार ते कळतं. तीस अंशांहून वर चढणारा फेरा निवडावा, त्याखाली झाडं आणि इमारती आड येतात. ऐकायचंच असेल तर एवढं पुरे. आपण काही पाठवायचं असेल तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना लागतो.

येळ्ळूरच्या राजहंसगडासारखी उघडी जागा यासाठी उत्तम. एक चूक सगळेच करतात, वारंवारता एकदा लावून सोडून देतात. उपग्रह जवळ येताना ती जवळजवळ दहा किलोहर्ट्झने वर असते आणि दूर जाताना तितकीच खाली, रेल्वेची शिटी फाटकावरून पुढे जाताना बदलते तशी. त्यामुळे फेऱ्यात सतत बोट फिरवत राहावं लागतं, किंवा ते काम प्रोग्रामला द्यावं लागतं. डोक्यावरून जाताना उतरण सगळ्यात तीव्र असते. त्या उतरणीची वेळ टिपली तर उपग्रह आपल्या सगळ्यात जवळ कधी आला, हे अगदी नेमकं सांगता येतं. कासवाच्या पाठीवरच्या यंत्राची जागा काढतात ती हेच गणित उलट बाजूने मांडून.